घरचा व्यवहार हाती घेताना: तारखा, कागद आणि शेकड्याचा हिशोब

मराठवाड्यात घरचा व्यवहार पुढच्या पिढीकडे बहुधा न सांगताच येतो. वडील थकतात किंवा अंथरूण धरतात, आणि एक दिवस गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा गटसचिव, मोंढ्यातला (धान्यबाजारातला) आडत्या, फायनान्सचा वसुलीवाला असे सगळे तुमच्याच नंबरवर फोन करू लागतात. तेव्हा कळतं की एकूण देणं किती आहे, हे घरात कोणालाच नीट माहीत नाही. हा लेख अशा नव्या हातांसाठी आहे. समोर शेतीचं घर धरलंय, पण नोकरीवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या कामाचंही यात बरंच आहे. इथल्या शिक्षकाच्या पगारावरसुद्धा कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा जामीन असतोच.

घर व्याजानं बुडालं असं आपण म्हणतो. जवळ जाऊन बघितलं तर व्याजाच्या आधी एखादी तारीख चुकलेली असते, नाहीतर एखादा कागद घ्यायचा राहिलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांत या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

पायरी १: सगळं देणं एका पानावर

दोनशे पानी वही घ्या आणि आडवं पान करून पाच रकाने पाडा: कोणाचं, मुद्दल किती, दर काय, फेडीची तारीख, तारण किंवा जामीन काय. बँक आणि सोसायटी तर लिहालच. पण कृषी सेवा केंद्राची उधारी, आडत्याकडची उचल, सोनाराकडचं गहाण, आईच्या बचत गटाचं कर्ज, हातउसने आणि दवाखान्याच्या वेळी पाहुण्यांकडून घेतलेले पैसे हेही याच पानावर आले पाहिजेत. हातउसने लिहायला लोक लाजतात, आणि नेमके तेच विसरून नात्यात कटुता येते.

घरच्यांच्या आठवणीवर विसंबू नका, कागद काढा. सातबारावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो, त्यात कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे ते दिसतं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. सोबत ८-अ काढा, म्हणजे खात्यावरचे सगळे गट एकत्र दिसतील. मग स्वतःचा आणि वडिलांचा सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात आकडा ३०० ते ९०० मधला असतो, पण आकड्यापेक्षा खालची कर्जांची यादी वाचा. आपण कधी काळी जामीन राहिलेलं कर्ज त्यात निघालं, तर तेही वहीत उतरवा.

आता दराचा रकाना. आपल्याकडे दर महिन्याचा आणि शेकड्यात बोलला जातो, बँक वर्षाचा बोलते. दोन्हींची तुलना करताना घोटाळा होतो तो इथंच. ‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला ३६ टक्के आणि ‘शेकडा पाच’ म्हणजे ६०. ज्वारी दिडीनं घेतली, म्हणजे दहा पोत्यांची सुगीला पंधरा द्यायची, तर तो सहा महिन्यांत ५० टक्के दर झाला. वहीत सगळे दर वर्षाच्या हिशोबानं लिहा. एवढ्यानंच कुठलं देणं आधी फेडायचं ते समोर दिसू लागतं.

पन्नास हजार शेकडा तीननं घेतले आणि वर्षाच्या शेवटी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद केला, तर पहिल्या वर्षी ६८,०००, दुसऱ्या वर्षी ९२,४८० आणि तिसऱ्या वर्षी सव्वा लाखाच्या वर जातात. ‘कागद बदलून घेऊ’ या साध्या वाक्याची किंमत एवढी असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकारालाही चक्रवाढ लावता येत नाही. शेतकऱ्याला द्यायच्या कर्जाचा ठरलेला दर तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के आहे. बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८. शेकडा तीननं देणारा एकतर विनापरवाना असतो, नाहीतर परवान्याबाहेर वागत असतो.

पायरी २: पीककर्जाची तारीख आणि ‘नवं-जुनं’

घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज पीककर्ज असतं आणि सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला बँकेचा दर ७ टक्के. वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत केंद्राची, आणि उरलेल्या व्याजाचा भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. म्हणजे मुदतीत फेडणाऱ्याला ते बिनव्याजी पडतं. काही बँका व्याज आधी कापतात आणि सवलत मागून खात्यात जमा होते. ती खरंच जमा झाली का, हे उताऱ्यावर बघायचं काम तुमचं.

तारीख चुकली तर? दीड लाखाच्या कर्जावर वर्षाचे १०,५०० रुपये व्याज एका झटक्यात अंगावर येतं, आणि त्यापुढं बँकेचा नेहमीचा दर सुरू होतो. मुदत ढोबळमानानं उचलीपासून ३६५ दिवस असते, पण ढोबळमानावर राहू नका. तुमच्या खात्याची नेमकी तारीख गटसचिवाकडून किंवा बँकेतून लिहून घ्या आणि वहीत लाल शाईनं टाका.

आता ‘नवं-जुनं’. जुनं कर्ज एका हातानं भरायचं आणि आठवड्याभरात नवं उचलायचं, हा मे-जूनमधला सगळ्या तालुक्यांतला नेम. भरायला पैसा नसतो, म्हणून तो चार-आठ दिवसांसाठी खाजगीतून आणतात. दीड लाखाला शेकडा दोन, मग दिवस पाच लागोत की दहा: तीन हजार रुपये. नाकं मुरडायला हा व्यवहार सोपा आहे, पण खातं थकण्यापेक्षा तो परवडतो हे मान्य करायला हवं. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. जुनं भरून झालं आणि नवं मंजूरच झालं नाही, तर खाजगी पैशाचं मीटर चालू राहतं आणि पेरणी समोर येऊन ठेपते.

असं का होतं, त्याची कारणं ठरलेली आहेत. आधार, सातबारा आणि बँक खातं यांतल्या नावात फरक असतो. वारस फेरफार राहिलेला असतो आणि सातबारावर अजून आजोबाच असतात. ई-केवायसी झालेली नसते, किंवा ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसतो. किंवा सिबिलमध्ये जामिनाचं थकलेलं कर्ज निघतं, नाहीतर दुसऱ्या बँकेचा ना-देय दाखला मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: एप्रिलमध्येच नव्या कर्जाचे सगळे कागद बँकेत दाखवा, त्रुटी काय आहेत ते विचारा, त्या भरून काढा. शाखेतून ‘कागद पूर्ण आहेत, जुनं भरा’ असं कळल्यावरच खाजगी पैसा उचला. वारस फेरफाराला महिने लागू शकतात. तो जूनमध्ये सुरू करायचा विषय नाही.

वर्षानुवर्षं नवं-जुनं करणाऱ्याचं मुद्दल मात्र कधीच कमी होत नाही, हे ध्यानात ठेवा. नव्या कर्जातून दरवर्षी दहा-पंधरा हजार कमी उचलता आले तर तेवढं तरी ओझं उतरतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. तेवढ्या रकमेला कोणी जमिनीचं गहाणखत मागत असेल, तर कशासाठी ते विचारा.

आणि कर्जमाफी. माफी येणार म्हणून भरणं थांबवणं, ही चूक गावंच्या गावं मिळून करतात. माफ्या झाल्या, नाही असं नाही. पण २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, तर २०१९ च्या योजनेत दोन लाखांची, आणि त्यातही कर्ज अमुक काळात उचललेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं हवं होतं. दोन लाखांच्या वर गेलेले त्यात बसले नाहीत, तारखेबाहेर पडलेलेही राहिले. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली होती, हेही लोक विसरतात. घोषणा होईल तेव्हा होईल, दरम्यान थकीत खात्याला नवं पीककर्ज मिळत नाही आणि माणूस शेकडा तीनकडे वळतो. माफीत वाचतं त्याहून जास्त अशानं जातं.

पायरी ३: दिवाळीचा पैसा मृगापर्यंत

सोयाबीनची पट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती येते, कापूस त्यानंतर वेचणीप्रमाणं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. खर्च मात्र बारा महिने चालू, आणि सगळ्यात मोठा जूनमध्ये. मृग लागला की बियाणं, खत, मजुरी आणि शाळेची फी एकाच आठवड्यात उभी राहते. जून हा उधारीचा महिना आहे. वर्षभराच्या देण्याची मुळं तिथंच असतात.

समजा तीस क्विंटल सोयाबीन ४,२०० नं गेलं. हमाली-तोलाई जाऊन सव्वा लाख हाती येतील. त्यातून पहिल्यांदा पुढच्या खरिपाची रक्कम काढा, चार एकराला ३५-४० हजार धरा, आणि मेच्या अखेरीस मोकळी होईल अशा मुदत ठेवीत टाका. ती मोडता येते हे खरं, पण मोडायला बँकेत जावं लागतं. तेवढ्या अडथळ्यानंसुद्धा पुष्कळ पैसा वाचतो. मग वहीतलं सगळ्यात महाग देणं फेडा. लोक नेमकं उलटं करतात: ज्याचा तगादा मोठा त्याचं आधी देतात आणि गप्प बसणाऱ्या सावकाराचं व्याज वाढू देतात. उरलेल्याचे जूनपर्यंतचे सात-आठ भाग करा.

बियाण्याचा खर्च कमी करायची एक खात्रीची वाट आहे. सोयाबीनच्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं दरवर्षी विकत आणायची गरज नाही, घरचं चालतं. उगवण मात्र तपासा. ओलं गोणपाट पसरा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट ठेवून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी धड कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोनं पेरा, साठच आले तर प्रमाण थोडं वाढवा, आणि त्याहून फार कमी निघाले तर ते बियाणं मोंढ्यात घाला. पोती आपटू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, आपटलं की उगवण घसरते.

पायरी ४: उधारी आणि उचल

कृषी सेवा केंद्रात माल घेताना एकच प्रश्न विचारायचा: ‘रोखीचा भाव काय आणि सुगीचा काय?’ हे दोन आकडे मिळाले की व्याज तुम्हीच काढू शकता. खताचा भाव गोणीवर छापलेला असतो: युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची ५० किलोची १,३५० रुपये. छापील भावाच्या वर घेता येत नाही, म्हणून फायदा लिंकिंगमधून काढला जातो. डीएपी हवं तर सोबत हे टॉनिक आणि ते सूक्ष्म अन्नद्रव्य घ्याच, असा तो प्रकार. नको असलेली ७०० रुपयांची बाटली हे त्या उधारीचं व्याजच समजा. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर लॉट नंबर आहे का ते बघा. बियाणं उगवलं नाही तर कृषी विभागाकडे तक्रार करताना पावती, पिशवी, टॅग आणि थोडं शिल्लक बियाणं मागतात. उधारीवर घेणाऱ्याला बहुधा चिठ्ठी मिळते, पावती नाही.

आडत्याची उचल बिनव्याजी असते असं म्हणतात. तिची किंमत अशी की माल त्याच्याकडेच घालावा लागतो आणि भाव पडलेल्या दिवशीही थांबता येत नाही. याला एक पर्याय आहे, तो फार कमी लोक वापरतात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी वर्षाला ६ टक्के दरानं मिळते. वीस क्विंटल सोयाबीन ४,२०० नं धरलं तर किंमत ८४,०००, कर्ज ६३,००० आणि सहा महिन्यांचं व्याज साधारण १,८६५ रुपये. क्विंटलला शंभर रुपयेही भाव चढला तरी व्याज निघतं. पण भाव चढेलच असं धरून चालू नका, सोयाबीननं लागोपाठ वर्षं निराश केलंय. ही सोय महाग देणं तातडीनं फेडण्यासाठी वापरा, भावाचा जुगार खेळायला नको. माल वाळवून न्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गोदामवाला परत पाठवतो आणि टेम्पोचं भाडं दुहेरी पडतं.

पायरी ५: जामीन राहताना

‘नुसती सही पाहिजे’ या वाक्यानं जेवढी घरं अडचणीत आणलीत तेवढी दुष्काळानंही आणली नसतील. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेनं आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी आणि मगच जामीनदाराकडे यावं, असं काही नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवते आणि तो कर्जदार-जामीनदार दोघांवर चालतो. नोकरदार असाल तर पगारातून कपातीचं संमतिपत्र त्या सह्यांच्या गठ्ठ्यात असतंच, वाचून बघा.

नाही म्हणता येत नसेल तर निदान एवढं करा. कर्जाची रक्कम, हप्ता आणि मुदत यांचा कागद मागा. कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. हप्ता चुकला की मलाही संदेश आला पाहिजे, असं संस्थेला लेखी द्या. आणि मनात एक परीक्षा घ्या: हे सगळं कर्ज उद्या मला भरावं लागलं तर झेपेल का? झेपणार नसेल, तर सहीपेक्षा पाच-दहा हजार रोख देऊन मोकळं होणं स्वस्त पडतं. सोयरिकीतल्या माणसाला ‘माझ्या नावावर आधीच एक जामीन आहे’ हे उत्तर चालतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं.

पायरी ६: जमिनीचं खरेदीखत तारण म्हणून कधीही नाही

ही एक चूक परत फिरवणं सगळ्यात अवघड. लग्नाला किंवा दवाखान्याला दोन लाख हवे असतात. सावकार म्हणतो, गहाणखत कशाला, एक एकराची खरेदी करून द्या, पैसे परत आले की उलट खरेदी करून देतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जे नोंदवलं जातं, ते सरळ विक्रीचं खरेदीखत असतं. परतीची बोली तोंडी, फार तर वेगळ्या बॉण्डवर. फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं आणि चार वर्षांनी सावकाराचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन येतो.

कर्ज घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत गहाणखत करा, आणि त्यात रक्कम, दर, मुदत स्पष्ट लिहून घ्या. खरेदी आधीच झाली असेल तरी २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ नं एक दार उघडं ठेवलंय. जमीन सावकारीच्या व्यवहारातून गेली असल्याचं सिद्ध झालं, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हे ती परत करण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतले व्यवहार यात येतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातही स्वीकारतात. पुरावा म्हणून खरेदीखतातली किंमत आणि त्या वर्षीचा रेडीरेकनरचा (सरकारनं ठरवलेला) दर यांतली तफावत दाखवा, व्याज दिल्याच्या ऑनलाइन नोंदी किंवा बँक उतारे जोडा, जमीन खरेदीनंतरही कोण कसत होतं त्याचे शेजाऱ्यांचे जबाब द्या, आणि त्याच सावकाराचे गावातले दुसरे असे व्यवहार शोधा. व्याज रोखीनं देणाऱ्याकडे यातलं काहीच राहत नाही. म्हणून खाजगी देणं असलं तरी ते फोनवरून किंवा खात्यातून द्या.

दवाखान्यासाठी सावकाराकडे जाण्याआधी एक विचारपूस नक्की करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. भरती होतानाच शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथं जा, किंवा १५५३८८ वर फोन करा. बिल भरल्यावर पैसे परत मिळण्याची ही योजना नाही. पहिल्या दिवशी विचारलं तरच उपयोग.

पायरी ७: मावेजा, ठेवी आणि ‘तेरा टक्के’

समृद्धी महामार्गात, तलावात किंवा रेल्वेत जमीन गेली की मावेजा, म्हणजे तिची भरपाई, एकरकमी येतो, आणि गावात त्याची बातमी पैशाच्या आधी पोचते. पुढच्या पंधरवड्यात ठेवी मागणारे दारात असतात. गेल्या काही वर्षांत बीड, छत्रपती संभाजीनगर या भागांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणाऱ्या क्रेडिट सोसायट्या) बंद पडून हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. त्यांतल्या बहुतेकांना बँक आणि पतसंस्था यांतला फरक कोणी सांगितलेला नव्हता.

फरक असा. बँकेतल्या ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याआधी एक लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी केल्या तरी त्या एकत्रच मोजतात. नागरी पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला हे संरक्षण नाही. पाटीवर केवढंही मोठं नाव असू दे, ठेव पावतीवर ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था, सोसायटी’, ते वाचा.

मोठ्या बँकेचा दर सहा-सात टक्के असताना कोणी तेरा देत असेल, तर त्यानं तो पैसा पंधरा-सोळानं कुठंतरी लावलेला असणार. तिथलं कर्ज बुडालं की ठेव बुडते. पैसे वेगवेगळ्या बँकांत पाच-पाच लाखांच्या आत ठेवा. वयस्कर आईवडिलांसाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. तिथं तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज तिमाहीला हाती येतं. पिग्मी, म्हणजे एजंटकडे रोजची छोटी बचत, भरत असाल तर एजंटच्या डायरीवर विसंबू नका. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खात्यावर तेवढीच रक्कम दिसते का ते बघा.

संस्था अडकलीच तर मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका. ‘नूतनीकरणासाठी द्या’ म्हणाले तरी आधी नवी पावती हातात घ्या. पोलिसांकडे तक्रार करताना ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या राज्य कायद्याचा उल्लेख करा. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. पैसे मिळायला वर्षं लागतात, पण यादीत नाव नसेल तर काहीच मिळत नाही.

पायरी ८: हप्ते

गाडी किंवा मोबाईलचा हप्ता महिन्याचा, आणि उत्पन्न सुगीचं. हा मेळ बसत नाही. ट्रॅक्टरला सहामाही हप्ता मिळतो, तो मागून घ्या आणि तारखा नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे अशा लावून घ्या. ‘फ्लॅट बारा टक्के’ ऐकलं की थांबा. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी फ्लॅट १२ नं घेतले तर व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतानाही व्याज पूर्ण लाखावर धरलेलं असतं, त्यामुळे खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक ग्राहकांच्या कर्जाला मुख्य तथ्य पत्रक देणं सक्तीचं आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तोच आकडा वहीत उतरवा.

फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला संपर्क यादी आणि फोटो बघायची परवानगी देऊ नका. वसुलीची धमकी त्यातूनच येते. ॲप अधिकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. फसवणूक झाली तर लाजून दोन दिवस घालवू नका, लगेच १९३० वर फोन करा. पैसा दुसऱ्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवला तरच हाती लागतो.

विम्याबद्दल थोडक्यात. केंद्राच्या जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये, दोन्ही दोन-दोन लाखांचे. मे अखेरीस कपात होते तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. बँकेत ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून हातात पॉलिसी ठेवली गेली असेल, तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय. आता सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागतो, तो जूनच्या खर्चात धरा.

पायरी ९: कर्ज फिटल्यावरचं काम

शेवटचा हप्ता भरला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. त्याच दिवशी ना-देय दाखल्याचा अर्ज द्या. तारण म्हणून दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. घर किंवा प्लॉटचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत करणं बँकांना बंधनकारक आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. तडजोडीत कमी रक्कम भरून खातं मिटवलं असेल, तर सिबिलमध्ये ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढं घरकर्जाच्या वेळी तो आडवा येतो. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घ्या.

सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून किंवा गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली की पुन्हा १५ रुपये भरून नवा सातबारा काढा. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेच्या नावाला कंस पडलाय का ते बघा. पडला असेल, तर त्या उताऱ्याची प्रत वहीत चिकटवा आणि ती ओळ आडवी खोडा.